भरलेली कोठारं आणि रिकामे रॅक

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. त्याआधीच्या रविवारी, २२ मार्चला, कोरोनाच्या साथीमुळे देशभर जनता कर्फ्यू झाला. गोव्यात तो पुढेही वाढवला गेला, आणि २४ तारखेच्या रात्री आठ वाजता २१ दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली. सणाचं सामान भरायचं म्हणून ज्यांनी सोमवार-मंगळवार राखून ठेवले होते, त्यांना बाजार बंदच मिळाला. महिनाअखेर होती. पगार व्हायचा होता, डबे तळाला गेले होते. पहिले काही दिवस गोव्यात किराणा दुकानंही बंद राहिली. घरपोच सामान पोचवायची व्यवस्था सगळ्या वाड्यांपर्यंत पोचेना. लोकांनी आवाज उठवला, टीका झाली, आणि मार्च संपता संपता दुकानं उघडली. उघडली त्या क्षणी रांगा लागल्या आणि पाहता पाहता रॅक रिकामे झाले.

आता दुसरी बाजू बघा. त्याच आठवड्यात देशाच्या सरकारी कोठारांत तांदूळ आणि गहू किती होता? नियमाप्रमाणे १ एप्रिलला केंद्राच्या साठ्यात सुमारे २१० लाख टन धान्य असावं लागतं. प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून जास्त होतं. म्हणजे देशात धान्य होतं, बेळगावच्या शेतात भाजी उभी होती, कारखान्यांत साखर होती. तरीही वाड्यावरच्या पसऱ्यात, म्हणजे छोट्या किराणा दुकानात, साखरेचं पिंप रिकामं होतं. हे कसं झालं, हे नीट कळून घेतलं पाहिजे. असा प्रसंग पुन्हा येईल, आणि तेव्हा "लोकांना अक्कल नाही" एवढं म्हणून भागणार नाही.

वस्तू असते, वेग नसतो

किराणा दुकान हे कोठार नव्हे. त्याच्याकडे चार-आठ दिवसांचा माल असतो, तो संपायच्या आत वितरकाची गाडी येते आणि रॅक पुन्हा भरतात. दुकानदाराचं भांडवल थोडं, जागा थोडी, आणि जास्त दिवस ठेवला तर मालाला कीड लागते. रोज गिऱ्हाईक साधारण तेवढंच नेणार, या भरवशावर ही सगळी व्यवस्था चालते. हा भरवसा एका दिवसासाठी जरी सुटला तरी ती अडखळते.

कांद्याचा हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. सोपं जावं म्हणून तीन लाख घरं धरू. एका घराला दिवसाला पाव किलो कांदा लागतो असं मानलं, तर सगळ्या गोव्याला रोज ७५ टन कांदा हवा. दहा टनी ट्रक धरला तर सात-आठ ट्रक. आता एका दुपारी टीव्हीवर काहीतरी ऐकून प्रत्येक घराने नेहमीपेक्षा फक्त दोन किलो कांदा जास्त घेतला. दोन किलो म्हणजे काही साठेबाजी नव्हे. पण तीन लाख घरांचे सहा लाख किलो, म्हणजे ६०० टन, म्हणजे ६० ट्रक झाले. आठ दिवसांचा कांदा एका दुपारी लागला. तेवढे ट्रक कुठल्याच घाटातून एका दुपारी उतरत नाहीत.

यात कोणीही गोण्या भरून घरी नेल्या नाहीत. आपण हावरट माणूस शोधत बसतो. पोतीच्या पोती लपवणारा व्यापारी असतोही, आणि त्याला पकडलंच पाहिजे. पण रॅक रिकामा व्हायला त्याची गरजच नसते. साधी, सरळ, दोन किलो जास्त घेणारी माणसं पुरेशी असतात.

रांगेतला माणूस मूर्ख नसतो

समजा तुम्हाला पक्कं ठाऊक आहे की कांदा मुबलक आहे. पण शेजारचे धावताना दिसताहेत. तुम्ही थांबलात तर काय होईल? ते घेऊन जातील आणि उद्या तुम्हाला मिळणार नाही. तुमचा टंचाईवर विश्वास असो वा नसो, इतरांचा आहे एवढं दिसलं की तुमच्यासाठी धावणं हाच शहाणपणा ठरतो. आणि सगळ्यांनी तसा शहाणपणा केला की टंचाई खरोखर होते.

बँकेच्या बाबतीत हेच घडतं. बँक सगळ्या ठेवी एकाच दिवशी परत देऊ शकत नाही, कारण पैसा कर्जात गुंतलेला असतो. बँक सशक्त असली तरी ती बुडणार अशी आवई उठली आणि सगळे एकदम दारात आले, तर ती खरंच बुडते. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये हे गणिताने मांडलं. २०२२ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांत हे दोघे होते. त्यांच्या मांडणीतली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की धावणाऱ्याला उपदेश करून धाव थांबत नाही. "तू उद्या आलास तरी तुझे पैसे मिळतील" ही खात्री असली तरच थांबते. ठेवींना विमा असतो तो याचसाठी. किराण्यालाही असाच काही विमा हवा असतो. तो कसा असू शकतो, ते पुढे येईल.

आवईला खऱ्या संकटाचा आधार मिळाला की ती अधिकच पसरते. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाला, तेव्हा चीनमधल्या शहरांत लोकांनी मिठासाठी दुकानं गाठली. आयोडिनयुक्त मिठाने किरणोत्सर्गापासून बचाव होतो आणि समुद्राचं मीठ आता दूषित होणार, अशा दोन अफवा एकत्र फिरत होत्या. मीठ मुबलक होतं, तरी दुकानांतून ते नाहीसं झालं. आपल्याकडे नोव्हेंबर २०१६ मध्ये उत्तर भारतात मिठाचीच अफवा उठली होती, आणि तेव्हा तर असा कुठला अपघातही नव्हता. अफवा मिठासारख्या स्वस्त, टिकाऊ आणि रोज लागणाऱ्या वस्तूवरच बहुधा येऊन बसते. घेऊन ठेवलं तर नुकसान काहीच नाही, नाही घेतलं तर स्वयंपाक अडतो, मग कोण थांबेल?

पसऱ्यापासून कारखान्यापर्यंत

गर्दी दुकानात संपत नाही, ती साखळीत वर चढत जाते. एका दुकानात आठवड्याला साखरेचं एक पोतं, म्हणजे ५० किलो, जातं असं समजू. धावपळीच्या दिवशी सकाळी अकराच्या आत दोन पोती संपली. दुकानदार वितरकाला फोन लावतो. त्याला दोन पोती भरून काढायची आहेत, उद्या आणखी मागणी येईल असं वाटतंय, आणि अनुभवाने ठाऊक आहे की मागू त्याच्या निम्मंच मिळेल. म्हणून तो पाच पोती मागतो. म्हापशाच्या वितरकाकडे असे शंभर फोन येतात. त्याला दिसतं की शंभर पोत्यांची मागणी पाचशेवर गेली. तो स्वतःच्या भीतीची भर घालून वर आठशे सांगतो. लोकांचं साखर खाणं मात्र एका चमच्यानेही वाढलेलं नसतं.

व्यवस्थापनाच्या अभ्यासात याला चाबकाचा परिणाम म्हणतात. मूठ जराशी हलते आणि टोकाला मोठा फटकारा बसतो. फटकारा परतूनही येतो. तीन आठवड्यांनी घराघरांत साखर पडून असते, दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि उशिरा पोचलेली पाच पोती दुकानदाराच्या गळ्यात पडतात. साखर निदान टिकते. भाजीचं काय? एप्रिल २०२० मध्ये शहरांत भाजी मिळत नव्हती तेव्हा देशात कित्येक ठिकाणी शेतकऱ्यांनी उभं पीक नांगरलं. दोन्ही बातम्या एकाच दिवसाच्या वर्तमानपत्रात येत होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या.

घाटावरून येणारं ताट

गोव्याच्या बाबतीत या सगळ्यात एक जास्तीची नाजूक जागा आहे, आणि ती आपण एरवी विसरतो. आपल्या ताटातलं बरंचसं बाहेरून येतं. भाजी मुख्यतः बेळगावहून, चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून. अंडी, कोंबडी, आणि दुधाचाही मोठा वाटा कर्नाटक आणि महाराष्ट्रातून. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीच्या दरात जी भाजी मिळते, तीही बव्हंशी बेळगावची. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, भात पिकतं, पण ते सगळ्यांना पुरण्याइतकं नाही. पहाटे केरी आणि मोले भागात ट्रक उतरत असतात म्हणून सकाळी पणजीच्या बाजारात कोथिंबीर ताजी असते.

टाळेबंदीत नेमकी हीच नस दाबली गेली. कागदावर जीवनावश्यक मालाला बंदी नव्हती. पण ट्रक म्हणजे नुसता माल नव्हे. चालकाला वाटेत जेवण लागतं, आणि ढाबे बंद होते. टायर फुटला तर पंक्चरवाला लागतो, तो बंद. माल चढवायला-उतरवायला हमाल लागतात, ते गावी निघून गेलेले किंवा घरात अडकलेले. नाक्यावर पोलीस विचारणार, पावाचं पीठ जीवनावश्यक, पण त्याची रिकामी पिशवी जीवनावश्यक का? दुधाची पिशवी छापणारा कारखाना? औषधाच्या बाटलीचं झाकण? शेवटी २९ मार्चला केंद्रीय गृहसचिवांनी राज्यांना कळवलं की जीवनावश्यक आणि बिगर-जीवनावश्यक असा भेद न करता सर्व मालवाहतूक होऊ द्यावी. पुढे एप्रिलमध्ये आणखी एकदा स्पष्ट करावं लागलं की रिकामे ट्रकही सोडावेत. घाट उतरून माल टाकलेला ट्रक रिकामा परत गेला नाही, तर उद्या भरून येणार कुठून? इतकी साधी गोष्ट आदेश काढून सांगावी लागली, यावरून कळतं की वाटाण्याची शेंग शेतातून ताटात येईपर्यंत किती हात लागतात, हे कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतं.

आणखी एक गाठ होती, आणि ती गोव्यात जास्त घट्ट होती. आपल्याकडे हॉटेलं, रेस्टॉरंट, शॅक यांचा बाजार मोठा. ते तेल १५ लिटरच्या डब्यात घेतात, मैदा ५० किलोच्या पोत्यात, लोणी मोठ्या लाद्यांत. एका रात्रीत ही सगळी स्वयंपाकघरं बंद पडली आणि तिथे जेवणारे, तिथे काम करणारे सगळे घरी जेवू लागले. खाणारी तोंडं बहुतेक तीच, पण आता त्यांना तेल हवं एक लिटरच्या पिशवीत. मोठा डबा गोदामात पडून आणि छोटी पिशवी बाजारात नाही, अशी अवस्था. पिशव्या भरणारं यंत्र दिवसाला जेवढ्या भरतं तेवढ्याच भरतं, आणि त्यावर काम करणारी माणसंही निम्मीच येत होती. या प्रकारची टंचाई घबराटीमुळे येत नाही. मागणीने जागा बदलली म्हणून येते. अशा वेळी लोकांना दोष देण्यात काहीच अर्थ नसतो.

पाकीट संपतं, सुटं महागतं

तुम्ही तेव्हा एक गोष्ट पाहिली असेल. बिस्किटं, नूडल्स, पाकीटबंद पीठ रॅकवरून नाहीसं झालं, पण किंमत तीच राहिली. बटाटा, कांदा, आलं मात्र मिळत होतं, पण दर चढलेला. कारण साधं आहे. पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि त्याहून जास्त घेणं हा गुन्हा आहे. सुट्या मालाला एमआरपी नसते. मागणी वाढली की सुट्या मालाचा दर वर जातो आणि बंद पाकीट रांगेत पुढे असलेल्याच्या पिशवीत जातं. एकात पैसेवाला जिंकतो, दुसऱ्यात ज्याला लवकर बाहेर पडता आलं तो.

दोन्हीकडे हरणारा माणूस एकच असतो, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त बोचतं ते हेच. रोजंदारीवरचा मजूर संध्याकाळी मजुरी हातात आल्यावर दोन कांदे, अर्धा किलो तांदूळ, पाच-दहा रुपयांची तेलाची पुडी घेतो. वास्कोकडच्या झुआरीनगरच्या किंवा बायणाच्या एका खोलीत चार जण राहत असतील, तर महिन्याचं सामान ठेवायला ना जागा आहे, ना फ्रीज, ना एकदम मोजायला पैसे. आपण दुपारी गाडीतून जाऊन महिन्याचं भरून आणतो, तेव्हा तो कामावर असतो. तो येतो तेव्हा उरलेलं असतं ते महाग. २६ मार्चला केंद्राने सुमारे ८० कोटी लोकांना माणशी पाच किलो धान्य तीन महिने मोफत देण्याचं जाहीर केलं. मोठा आधार होता तो. पण शिधापत्रिका गावी, कर्नाटकात किंवा झारखंडात, आणि माणूस वास्कोत, अशांच्या हातात ते सहजी पडलं नाही. त्यांना गावोगावच्या स्वयंसेवकांनी, पंचायतींनी, देवळं-चर्च-मशिदींनी शिजवून घातलं.

मास्कचं प्रकरण मात्र वेगळं धरलं पाहिजे. तिथे मागणी खरोखरच कित्येक पटींनी वाढली होती. जागतिक आरोग्य संघटनेने ३ मार्च २०२० ला सांगितलं होतं की शस्त्रक्रियेच्या मास्कची किंमत सहापट झाली आहे आणि उत्पादन ४० टक्क्यांनी वाढवावं लागेल. आपल्याकडे १३ मार्चला मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली आणले गेले, आणि मग तीनपदरी मास्कला दहा रुपये, २०० मिलिलिटर सॅनिटायझरला १०० रुपये अशी कमाल किंमत ठरली. इथे घरात पन्नास मास्क भरून ठेवणारा माणूस वॉर्डातल्या परिचारिकेच्या तोंडावरचा मास्क काढून घेत होता. कांद्याची टंचाई काही दिवसांत आपोआप निवळते, मास्कची निवळत नाही. त्यामुळे संकटात पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही वस्तू लोक जास्त वापरू लागले आहेत, की नुसती जास्त घेऊ लागले आहेत?

मग काय उपयोगी पडतं

किराण्याचा विमा म्हणजे उघडं दुकान. ते उद्याही उघडं असेल, परवाही असेल, हे दिसलं की धाव ओसरते. "घाबरू नका" हे आवाहन मात्र उलटं काम करतं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की घाबरण्यासारखं काहीतरी आहेच. आणि आवाहन करून दुकानं बंद ठेवली तर कोणाचाच विश्वास राहत नाही. मार्च २०२० चा गोव्याचा अनुभव हेच सांगतो. साथ रोखायला गर्दी टाळायची होती हे खरं, पण दुकानाची वेळ कमी केली की गर्दी कमी होत नाही, दाटते. दिवसभरात तीनशे गिऱ्हाइकं येणारं दुकान चारच तास उघडं ठेवलं, तर तीनशे जण त्याच चार तासांत येणार, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. आजार पसरायला त्याहून सोयीची जागा नाही. वेळ वाढवणं, ज्येष्ठांना सकाळचा एक तास राखून ठेवणं, फोनवर यादी घेऊन सामान बांधून ठेवणं, यांनी गर्दी पातळ होते.

एप्रिल २०२१ च्या शेवटी दुसऱ्या लाटेत गोव्यात चार दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा किराणा दुकानं चालू राहणार असं सांगितलं होतं. तरी बाजारात झुंबड उडाली. मला त्यात नवल वाटलं नाही. आदल्या वर्षी ज्याने बंद शटर पाहिलं होतं, तो पुढच्या वर्षी शब्दावर विसंबणार नाही. विश्वास एकदा तुटला की तो परत यायला बरेच दिवस जातात, आणि तोवर दुकानातून पोती संपत राहतात.

दुकानदाराच्या हातात एक चांगलं हत्यार असतं: माणशी मर्यादा. माझ्या माहितीतल्या एका पसऱ्यात मालकाने साखरेची पोती आल्या आल्या फोडून एक-एक किलोच्या पिशव्या बांधल्या आणि घरटी एकच दिली. वादावादी झाली. त्याच्या उधारीच्या वहीत वाड्यातल्या सगळ्या घरांची नावं होती, ती वही त्याने यादीसारखी वापरली आणि ज्यांची खूण झाली नव्हती त्यांच्यासाठी पिशव्या मागे ठेवल्या. संध्याकाळी कामावरून येणाऱ्यालाही साखर मिळाली. मोठ्या सुपरमार्केटला हे जमत नाही, कारण तिथे गिऱ्हाईक कोण हे कोणाला माहीत नसतं.

आणि घरी? साठा करणं वाईट नाही. गोव्यात तर पावसाळ्याच्या तोंडावर पुरुमेंताची रीतच आहे. उकडे तांदूळ, मिरच्या, चिंच, सोलां, मीठ, सुकी सुंगटां (कोळंबी), कांद्याच्या माळा, फणसाची साठं, सगळं मे महिन्यात भरून ठेवायचं, कारण पावसात होडी समुद्रात जात नाही आणि वाटा बंद होतात. पण ते जमवायला उन्हाळाभर लागतो. मिरची आली की मिरची, कोकम पिकलं की सोलां. बाजाराला त्याची आगाऊ कल्पना असते आणि मालही त्या हिशेबाने येतो. हीच रीत वर्षभर चालवता येते. महिन्याच्या सामानात दर खेपेला एखादी वस्तू थोडी जास्त घ्यायची: एकदा तांदूळ दोन किलो, एकदा डाळ, एकदा तेल. तीन-चार महिन्यांत घरात पंधरा दिवसांचं जास्तीचं सामान होतं, आणि जुनं आधी काढून नवं मागे ठेवलं की कीडही लागत नाही. संकट जाहीर होईल त्या दिवशी मग तुम्हाला बाजारात जावंच लागत नाही, आणि तुमच्या वाटचा किलो ज्याला महिन्याचं भरता आलं नाही त्याच्यासाठी रॅकवर राहतो.

यात रोजच्या गोळ्या पहिल्या धरा. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडची औषधं संपायला दोन आठवडे राहिले की नवी घ्यायची सवय लावा, संपल्यावर नको. घरात वरचं दूध घेणारं तान्हं मूल असेल तर त्याला लागणाऱ्या बाळांच्या दुधाच्या पावडरचा (फॉर्म्युला) एक डबा नेहमी पुढे ठेवा. शेजारी एकटी म्हातारी माणसं असतील तर त्यांच्या गोळ्यांची नावं आपल्या कागदावर आत्ताच उतरवून घ्या. दुकान उघडं असलं तरी रांगेत उभं राहणं त्यांना जमणार नाही.